दावण

शेवटच्या अकरा गाई गेल्या त्या दिवशी
मी गोठा धुतला, सवयीनं, दोनदा,
आणि दार ओढून घेतलं.

हालिनानं ते मार्चात उघडलं.
बाहेर उणे एकवीस, सस्कॅचेवानचं आभाळ
कोरडं, निळं, थेट जमिनीला टेकलेलं.
म्हणाली, दानिलो, ही जागा मला हवी.
सिमेंटची जमीन, नालीकडे उतार,
दूधयंत्राची जाड वायर अजून भिंतीत जिवंत.
वेल्डिंगला आणखी काय लागतं?

मी काही बोललो नाही.
बत्तीस वर्षं ती कोठारांच्या कारखान्यात
लोखंडाला लोखंड जोडून घरी यायची,
केसांना जळका वास, माझ्या हातांना शेणाचा.
त्यावरून आमचं कधी वाजलं नाही.

आधी गवत. माळ्यावरची काडी न् काडी.
मग कोळिष्टकं, रिकामी पोती,
खिडकीच्या फटीत मीच कोंबलेला भुसा.
ठिणगी बारा पावलं जाते, असं सांगून
तिनं खरंच पावलं टाकून दाखवली.
तेराव्या पावलावर माझी खुर्ची,
शेजारी वाळूची बादली.
माझं काम बघत बसायचं,
आणि ती उठून गेली तरी अर्धा तास बसून राहायचं.
आग लाजरी असते म्हणे,
माणसं पांगली की येते.

सिलिंडर दोन, एक उंच, एक ठेंगणा.
ते आडवे पडता कामा नयेत.
साखळ्या शोधायला मला लांब जावं लागलं नाही.
कपाळावर चांदणी असलेली झीर्का उभी राहायची
तिथं ऑक्सिजन बांधला,
तिच्या लेकीच्या जागी ॲसिटिलीन.
साखळी जरा सैल ठेवली मी,
मान वळवायला.
हालिना म्हणाली, घट्ट कर.
यांना वळून बघायचं नसतं.

रविवारी ओरेस्तनं गवताच्या गाडीवरून विमान आणलं.
विमान म्हणजे, एकोणीसशे चौतीसचं, दोघांपुरतं.
पंख वेगळे, कापड उंदरांनी कधीच नेलेलं,
उरलेला नळ्यांचा सांगाडा
खाऊन झालेल्या माशासारखा.
आम्ही तिघांनी तो आत घेतला
आणि कुणी काही न ठरवता
शेपटी नालीकडे केली.

त्याला टेकू हवे होते, हलणार नाहीत असे.
कटघऱ्यांचे पाइप कापले. मीच कापले.
पाचव्या पाइपाला मानेनं घासून आलेली चकाकी होती,
तो तिनं सगळ्यात पुढं, नाकाखाली लावला.
का, ते विचारलं नाही मी.

नळीची भिंत किती जाड, तर
चार पोस्टकार्डं एकावर एक.
जास्त आच लागली की भोक,
कमी लागली की सांधा नुसता दिसायला सांधा.
झोत नको, दार बंद; धूर नको, खिडकी उघडी;
खिडकी किती बोटं उघडायची
यात आमचा सोमवार गेला.

मंगळवारी मुखवटा खुंटीला,
हातमोजे मेजावर, सगळं जागच्या जागी.
पण आधी शेपटीच्या तळाशी
तिनं बारीक भोक पाडलं आणि थांबली.
काहीतरी पाझरलं, मधाच्या रंगाचं.
बोटावर घेऊन तिनं माझ्या नाकाशी धरलं.

जवस.

कुणीतरी, कुठल्याशा कारखान्यात,
गरम तेल ओतून नळ्या कलत्या करून फिरवल्या होत्या,
आतून गंज धरू नये म्हणून,
आणि भोक बुजवून टाकलं होतं.
इतक्या हिवाळ्यांत कुणाला कळलंही नव्हतं.
आमच्या पलीकडच्या शेतात दर जुलैत
हेच निळं फुलतं.

हे निथळल्याशिवाय ज्योत लावायची नाही, ती म्हणाली.
किती वेळ?
त्याला लागेल तेवढा.

मग मी उठलो.
थेंबाची वाट बघणं मला कुणी शिकवायला नको.
दुधाची बादली आणली,
जिच्या आतल्या अंगाला अजून आकडे आहेत,
तिच्याखाली फळी सारून नीट टेकवली,
आणि दिवा मालवून आम्ही जेवायला गेलो.

पहाटे साडेचारला जाग आली, येतेच.
बादली उजेडात धरून पाहिली.
दाराशी टांगलेल्या वहीत
ऑक्टोबरातल्या शेवटच्या ओळीखाली
तारीख घातली, आणि पुढं:
पाव लिटर. जेमतेम.